वाटीएवढ्या पोटात साठ ग्रॅम प्रथिनं मावणार कशी?

पत्र : माझं वय ४३. सांगलीत प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. पाच महिन्यांपूर्वी वजन कमी करण्यासाठी जठर लहान करण्याचं, म्हणजे स्लीव्हचं, ऑपरेशन झालं. तेव्हा वजन १०८ किलो होतं, आता ८६ आहे. उंची पाच फूट दोन इंच. घरी पूर्ण शाकाहार, अंडंही चालत नाही. डॉक्टरांनी रोज ६० ते ७० ग्रॅम प्रोटीन घ्यायला सांगितलंय. सुरुवातीला दवाखान्यातून सुचवलेली पावडर घेत होते, पण त्या गोडाने मळमळायला लागलं म्हणून बंद केली. सासूबाई म्हणतात, पावडरींनी किडन्या जातात, घरचं वरण-भात-पोळी काय कमी आहे? दिरांनी जिममधून एक भलामोठा डबा आणून दिलाय, तो तसाच पडून आहे. केस तर इतके गळतायत की फणी बघवत नाही. थायरॉइडची गोळी चालू आहे. श्रावणी सोमवार लग्न झाल्यापासून करते. यंदा करू का? आणि पावडरीशिवाय निभेल का? सोबत दिवसभराच्या खाण्याची यादी जोडली आहे. ता. क. प्रोटीन बिस्किटं चालतील का?
— एक वाचक, सांगली

ताई, यादी जोडलीत हे फार बरं केलंत. बहुतेक जण ‘मी व्यवस्थित खाते’ एवढंच लिहितात, आणि मग त्या ‘व्यवस्थित’चा अंदाज बांधत बसावं लागतं.

तर आधी तुमच्या यादीचीच बेरीज करू. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, शाळेच्या मधल्या सुट्टीत अर्धी वाटी पोहे, दुपारी अर्धी पोळी, दोन चमचे भाजी, अर्धी वाटी वरण, संध्याकाळी पेलाभर ताक, रात्री अर्धी वाटी मुगाची खिचडी. यात प्रथिनं किती? वरणाचं बघा. अर्ध्या वाटी पातळ वरणात कच्ची डाळ फार तर दहा-बारा ग्रॅम असते आणि डाळीत शंभराला बावीसच्या आसपास प्रथिनं असतात. म्हणजे त्या वरणातून तुम्हाला मिळाले अडीच ग्रॅम. ताकाचे दोन, खिचडीचे तीन, अर्ध्या पोळीचे दीड-दोन, पोह्यांचे दीड, चहातल्या दुधाचे दीड. मी कितीही उदार मनाने मोजलं तरी दिवसाची बेरीज वीसच्या पुढे जात नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्याच्या एक तृतीयांश.

यात तुमचं काही चुकलंय असं नाही. आपलं ताटच तसं आहे. पोळी-भात मधोमध, आणि उसळ, पिठलं, दही, वरण ही त्याला लावून खायची गोष्ट. तीन पोळ्या, भात आणि दोन वाट्या आमटी खाणाऱ्याला ते चालून जातं, कारण थोडं थोडं करून सगळीकडून प्रथिनं जमतात. पण स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग, किंबहुना त्याहूनही थोडा जास्त, काढून टाकलेला असतो. उरतं ते जेमतेम वाटीएवढं. आता त्या वाटीत आधी काय जाणार, एवढाच प्रश्न आहे. जे आजवर तोंडी लावणं होतं ते तुमचं जेवण, आणि पोळी-भात हे तोंडी लावणं. जागा उरली तर दोन घास. न उरली तर नाही.

सासूबाईंच्या शंकेकडे वळते, कारण ती मला फार वेळा ऐकू येते आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली निरोगी प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. तुमच्या उंचीच्या बाईचं योग्य वजन ५५ किलो धरलं, तर ते सेहेचाळीसेक ग्रॅम होतात. तुम्हाला सांगितलेत त्याच्या सव्वा ते दीडपट. का? कारण वजन झपाट्याने उतरतं तेव्हा शरीर नुसती चरबी वितळवत नाही, स्नायूही मोडून खातं. जखमा भरायच्या असतात त्या वेगळ्याच. या ऑपरेशनांनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम, आणि योग्य वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमपर्यंत, असा दंडक जगभर वापरतात. लहान आतड्याचा मोठा भाग वगळणाऱ्या काही ऑपरेशनांत तो याहूनही वर जातो. निरोगी किडनीला साठ-सत्तर ग्रॅम हे ओझं नाही. ऑपरेशनआधी तुमचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, झालीच असणार, तो कागद काढून सासूबाईंना दाखवा. ज्यांची किडनी आधीच अधू आहे, किंवा मधुमेहामुळे लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन जातंय, त्यांनी मात्र हे आकडे स्वतःला लावू नयेत. त्यांचा हिशोब किडनीतज्ज्ञांनीच करायचा.

आणि पावडर म्हणजे काय, हेही त्यांना सांगून बघा. दूध फाडून पनीर काढलं की खाली जे हिरवट पाणी उरतं, तसंच पाणी चीजच्या कारखान्यात टनावारी उरतं. त्यातली प्रथिनं गाळून, वाळवून जी पूड होते तिला ‘वे प्रोटीन’ म्हणतात. दंड फुगवणाऱ्या पोरांच्या फोटोमुळे तिची बदनामी झालीय, पण मूळ माल दुधाचाच.

पावडरीशिवाय निभेल का, याचं खरं उत्तर असं: कागदावर निभतं. दिवसभरात शंभर ग्रॅम पनीर, पंचवीस ग्रॅम कोरडे सोयाबीनचे वडे, चारशे मिली दूध, थोडा चक्का, घट्ट डाळ आणि एक धिरडं एवढं गेलं तर साठला टेकता येतं. पण पाचव्या महिन्यात, शाळेची नोकरी सांभाळून, वाटीभर पोटात हे रोज घालायचं म्हणजे दिवसभर तेवढंच काम. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सध्या दिवसाचा एक शेक ठेवा. खाण्याची क्षमता वाढते तसा तो कमी करत नेता येतो. वर्ष-दीड वर्षाने अनेकांना त्याची गरज फक्त आजारपणात नाहीतर प्रवासात पडते.

मळमळीचं कारण बहुधा गोडवा आणि लॅक्टोज. ऑपरेशननंतर जिभेची आवड बदलते, पूर्वी आवडणारं गोड नकोसं होतं आणि दुधातली साखर पचेनाशी होते. यावर दोन उपाय. एक म्हणजे ‘आयसोलेट’ लिहिलेली पावडर घ्या, तिच्यात लॅक्टोज अगदी थोडं असतं. दुसरं, बिनस्वादाची घ्या. व्हॅनिला-चॉकलेटचा नाद सोडा. बिनस्वादाची पावडर जिरं-मीठ घातलेल्या ताकात विरघळते, टोमॅटोच्या सारातही खपून जाते. फक्त सार कोमट होऊ द्या. उकळत्या सारात टाकलीत तर ती फाटून गुठळ्या होतील आणि तुम्ही पुन्हा मला पत्र लिहाल. एका दमात पिऊ नका, वीस-पंचवीस मिनिटं घोट घोट घ्या. दुधाचं काहीच सोसत नसेल तर सोया किंवा वाटाण्याची पावडर आहे. पण तुम्ही थायरॉइडची गोळी घेता, त्यामुळे सोया त्या गोळीच्या मागोमाग नको, सोयामुळे ती नीट शोषली जात नाही.

आता दिरांचा डबा. त्यावर ‘मास गेनर’ लिहिलंय का, ते बघा. लिहिलं असेल तर तो वजन वाढवण्यासाठीच बनवलेला आहे. त्यात मुख्य माल माल्टोडेक्स्ट्रिनसारखी कर्बोदकं, आणि प्रथिनं त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याने. तुमच्या पोटात तो गेला तर साखरेचा लोंढा आतड्यात उतरून घाम, धडधड, गरगरणं होऊ शकतं. याला ‘डंपिंग’ म्हणतात. वजनासाठी जठराचं बायपास ऑपरेशन झालेल्यांना ते जास्त होतं, पण स्लीव्हवालेही सुटत नाहीत. आभार मानून डबा परत करा.

कुठलाही डबा घेताना समोरचं रंगीत चित्र सोडून मागचा बारीक मजकूर वाचायचा. डब्यातला एक मापाचा चमचा, म्हणजे साधारण तीस ग्रॅम पूड, त्यात बावीस ते पंचवीस ग्रॅम प्रथिनं हवीत. साखर दोन-तीन ग्रॅमच्या आत. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा आकडी परवाना क्रमांक हवा. घटकांच्या यादीत ग्लायसिन, टॉरिन अशी सुटी अमिनो आम्लं (प्रथिनं ज्यांची बनतात ते किंवा तसले घटक) वेगळी घातलेली दिसली तर डबा ठेवून द्या. प्रयोगशाळेत प्रथिनं बहुधा नायट्रोजनवरून मोजतात, म्हणून स्वस्त नायट्रोजन घालून आकडा फुगवायची ती युक्ती असते. कोलॅजेनची पावडर हल्ली केसांसाठी म्हणून खपवतात. तिच्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्लच नसतं, त्यामुळे तुमच्या साठ ग्रॅमांत ती धरायची नाही. लहानपणापासून दुधात घालून पीत आलेल्या माल्टच्या पावडरीही नकोत. त्यांत साखर जास्त, प्रथिनं नावाला.

घरच्या खाण्यात जे बदल करायचे ते सांगते. सोयाबीनचे वडे ही शाकाहारी घरातली सगळ्यांत स्वस्त आणि दणकट सोय. शंभर ग्रॅम कोरड्या वड्यांत पन्नासच्या वर प्रथिनं असतात, म्हणजे वीस ग्रॅमची छोटी मूठ तुम्हाला दहा ग्रॅम देते. अख्खे वडे मात्र अजून खाऊ नका, रबरासारखे अडकतात. भिजवून, घट्ट पिळून, मिक्सरमधून खिमा करा आणि कांदा-टोमॅटोवर ओलसर परता. पनीर पन्नास ग्रॅम घेतलं की नऊ ग्रॅम. ताज्या मऊ पनीरचा भुरका करा, तळलेले चौकोनी तुकडे नकोत. चक्का घरी बांधा, साखर घालून श्रीखंड करू नका, मीठ-मिरी-काकडी घाला. शंभर ग्रॅम चक्क्यात साताठ ग्रॅम तरी मिळतात, ताकापेक्षा कितीतरी बरं. साय काढलेल्या दुधाची पावडर आणून ठेवा. तिचे दोन मोठे चमचे दह्यात किंवा धिरड्याच्या पिठात मिसळले की पाच ग्रॅम वाढतात आणि पोटात जागा जवळजवळ लागत नाही. दुकानदार चहात घालायची दूध पावडर म्हणून जे देतो ते वेगळं, त्यात साखर असते. नाव वाचून घ्या. वरण करायचं तर चमचा उभा राहील इतकं घट्ट. पोह्यांऐवजी मुगाच्या डाळीचं धिरडं. शेंगदाणे चांगले, पण तेलाने भरलेले. कुटाचा एखादा चमचा पुरे.

यावरून तुमचा शाळेचा दिवस मांडून बघते. सहाला उठून थायरॉइडची गोळी. सातच्या पुढे पाण्यातला किंवा सारातला शेक, बाहेर पडेपर्यंत घोट घोट, चोवीस ग्रॅम. मधल्या सुट्टीत पनीरचा भुरका, नऊ. दुपारी घरी आल्यावर घट्ट वरण किंवा मटकीची मऊ उसळ अर्धी वाटी आणि वर दोन चमचे चक्का, सात. चारला वाटीभर दह्यात दूध पावडर, आठ. रात्री सोयाचा खिमा, दहा. झोपण्यापूर्वी अर्धा कप दूध, तीन. झाले एकसष्ट. एखाद्या दिवशी पन्नासच झाले तर रडत बसू नका, पण आठवडाभर वीसवर राहू नका.

खाताना पाणी प्यायचं नाही हे तुम्हाला सांगितलं असेलच. जेवणानंतर अर्धा तास थांबून मग घोट घोट, दिवसभरात दीड-दोन लिटर. एक सावध करते. चिवडा, फरसाण, बिस्किटं ही चहाबरोबर सरकन खाली उतरतात, पोट भरल्याची सूचनाच येत नाही. पनीर दोन घासांत ‘बास’ म्हणतं, चिवडा वाटी संपवूनही म्हणत नाही. शिक्षकांच्या खोलीत कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच, तिथे जपा.

केसांबद्दल घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. ऑपरेशनचा ताण आणि झपाट्याने उतरलेलं वजन यामुळे एकाच वेळी पुष्कळ केस विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि तीनेक महिन्यांनी एकदम गळायला लागतात. म्हणून तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात हे बहुतेकांना दिसतं. टक्कल पडत नाही, मुळं जिवंत असतात, आणि गळती सुरू झाल्यापासून सहा-आठ महिन्यांत सहसा थांबते. वीस ग्रॅमवर दिवस काढल्याने ती जास्त झाली असेल, एवढं मात्र नक्की. वर्ष उलटल्यावरही गळत राहिले किंवा तेव्हा नव्याने सुरू झाले, तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), झिंक आणि थायरॉइड बघावं लागतं. केसांसाठी म्हणून मिळणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या मनाने सुरू करू नका. त्यांच्यामुळे थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात, आणि तुमच्या बाबतीत तेच नको आहे. घेत असाल तर प्रयोगशाळेत आधी सांगा.

पावडर चालू केली म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद, असा हिशोब कृपा करून करू नका. तो मी फार पाहिलाय. त्या गोळ्या जन्मभराच्या आहेत. पाळी चालू असलेल्या बाईला ऑपरेशननंतर रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह लागतं. बी-१२ शाकाहारी माणसाला एरवीही कमी पडतं, त्यात जठर कापलेलं. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, खाणं धरून, आणि गोळी शक्यतो सायट्रेटची, एका वेळी पाच-सहाशेच्या वर नाही. ड जीवनसत्त्व सुरुवातीला रोज ३००० युनिट देतात आणि रक्तातली पातळी बघून बदलतात. कॅल्शियम आणि लोह यांत दोन तासांचं अंतर, थायरॉइडच्या गोळीनंतर या दोन्हींसाठी चार तासांचं, आणि लोहाच्या गोळीवर चहा नाही. तुमची चिठ्ठी याच्याशी ताडून बघा. काही राहून गेलं असेल तर डॉक्टरांना विचारून वेळांचा तक्ता त्यांच्याकडूनच करून घ्या.

श्रावणी सोमवार करा, पण साबुदाण्यावर नको. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य, खिचडीत जी असतात ती कुटाची, आणि तो चिकट गोळा नव्या पोटात अडकतो. उपवासाला दही, दूध, पनीर, चक्का हे सगळं चालतंच की. शेक ताकात घ्या. शंकराला त्याबद्दल हरकत असेल असं वाटत नाही. राजगिऱ्याच्या पिठाची मऊ थालीपिठं, दाण्याची आमटी दोन चमचे. मात्र दिवसभर कोरडं राहून संध्याकाळी एकदम सोडायचा, हा प्रकार यंदा नाही. दर दोन-अडीच तासांनी थोडं पोटात जायलाच हवं, आणि पाणी तर हवंच.

पत्रात व्यायामाचा उल्लेख नाही. नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठबस, भिंतीला रेटून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, रबरी पट्टे, एवढं पुरे. डॉक्टरांनी जड उचलायची परवानगी दिली आहे ना, तेवढं विचारा.

सहाव्या महिन्याच्या तपासण्या जवळ आल्यात, त्या चुकवू नका: रक्तगणना, फेरिटिन, बी-१२, ड, कॅल्शियम, यकृत, किडनी, थायरॉइड. अल्ब्युमिन नॉर्मल आलं म्हणून प्रथिनं पुरतायत असं समजू नका, ते उशिरा घसरतं. पावलांवर सूज, जिना चढताना मांड्यांत जोर नसणं, उठताना आधार लागणं, हे दिसलं तर तारखेची वाट न बघता दाखवा. आणि एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. दोन-तीन दिवस सतत उलट्या होत असतील, त्यातच एकाची दोन दिसायला लागली, चालताना तोल जायला लागला किंवा बोलणं असंबद्ध वाटलं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. तिथे पोचल्यावर ‘वजनाचं ऑपरेशन झालंय’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं, कारण अशा वेळी ग्लुकोजच्या सलाइनआधी बी-१ चं इंजेक्शन द्यावं लागतं.

जाता जाता, तुम्ही तळाशी विचारलेल्या प्रोटीन बिस्किटांबद्दल. पुड्याच्या मागे एका बिस्किटातली प्रथिनं आणि साखर शेजारी-शेजारी वाचा. बहुतेक वेळा साखरेचा आकडा मोठा निघतो. तसं असेल तर तो पुडा मुलांना द्या.